दफननोंद सापडत नाही? आमच्याकडे येण्याआधी एवढं वाचा

वंशावळ करायला घेतलेली मंडळी जुन्या नोंदी शोधून देणाऱ्या आमच्या वसईच्या ऑफिसात येतात तेव्हा बहुतेकांचं गाऱ्हाणं एकच असतं, की पणजोबांच्या बाप्तिस्म्याचं सापडलं, लग्नाचं सापडलं, पण दफनाचं काही केल्या सापडत नाही, चर्चवाल्यांनी वही हरवली असणार. वही सहसा हरवलेली नसते हो. वाळवी लागलेली असते, जुन्या शाईनं कागदाला भोकं पडलेली असतात, हे सगळं खरं, पण जास्त वेळा वही कपाटात धडधाकट असते आणि तुम्ही भलत्याच चर्चमध्ये शोधत असता.

दफनाची नोंद माणूस जिथं पुरला तिथं होते. बाप्तिस्मा झाला तिथं नाही, वाडी-घर होतं तिथं तर नाहीच. हे ऐकून सगळे “ते माहितीय हो” म्हणतात आणि तरी पुढचे चार महिने आपल्याच गावच्या चर्चमध्ये घालवतात. गोंधळ होतो तो लग्नामुळे. लग्न दुसऱ्या धर्मग्रामात, म्हणजे दुसऱ्या चर्चच्या हद्दीत, झालं तरी तिकडून कळवतात आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी समासात ते लिहून ठेवतात, म्हणून लोकांना वाटतं की मरणही असंच कळवत असतील. तसा नियम नाही. माणूस वांद्र्याला लेकीकडे वारला तर गावच्या वहीत त्याच्या मरणाची एक ओळही नसू शकते.

आता तुम्ही म्हणाल आमच्यात मयत गावीच आणतात. आज आणतात, अँब्युलन्स आहे, बर्फाची पेटी आहे. १८६४ मध्ये रेल्वे आली आणि आपली माणसं नोकरीसाठी मुंबईला जायला लागली, तेव्हा हे काही नव्हतं, उन्हाळ्यात सकाळी गेलेला माणूस संध्याकाळच्या आत पुरावाच लागायचा. मुंबईत वारला तर मुंबईतच माती. त्यातही शिवडीसारख्या मोठ्या कबरस्तानाची स्वतःची वही असते, चर्चची वेगळी, म्हणजे बघायची ठिकाणं दोन झाली.

मुंबई-वांद्रे भागात अजून एक भानगड आहे. १९२८ पर्यंत तिथं पाद्रुआदो आणि प्रोपागांडा असे दोन वेगळे अधिकार होते, एकाच वस्तीत एक चर्च पोर्तुगालच्या बाजूचं तर दुसरं रोमनं नेमलेल्या बिशपांचं, आणि घर कुठल्या बाजूचं हे रस्त्यावरून ठरत नव्हतं, घराण्यावरून ठरत होतं. जवळच्या चर्चमध्ये नाही मिळालं तर पलीकडच्या चर्चमध्ये बघा, आमची बरीच कामं तिथंच संपलीत.

मग कधी आणि कुठं वारले हे कळायचं कसं? इथं लोक फेसबुक ग्रुपवर विचारत बसतात आणि घरातला कागद बघत नाहीत. जमीन असेल तर वारसाचा फेरफार काढा. खातेदार मयत झाला की वारसांची नावं लावताना तलाठी लिहितो, “अमुक तारखेस मयत, वारस मुलगे अमुक अमुक, विधवा अमुक”. जुने फेरफार स्कॅन झालेत, ‘आपले अभिलेख’ साइटवर बघा, नाहीतर तहसीलला अर्ज करा. फक्त फेरफाराची तारीख म्हणजे मरणाची तारीख असं धरू नका, भावांची भांडणं असली की वारस नोंद मागाहून कित्येक वर्षांनी लागते. दुसरा कागद कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, गावातल्या जन्म-मृत्यूची सरकारी वही. कुणबी नोंदींमुळे आता सगळ्यांना हे नाव माहीत झालंय, पण आपल्या ख्रिस्ती लोकांना अजून वाटतं की ते आपलं नाही. आपलंही आहे, गावात मेला त्याची नोंद, धर्म कुठलाही असो. जुनी पानं मोडी लिपीत असतात, ती आम्ही वाचून देतो. आणि कागदावर जिल्हा ठाणे दिसला म्हणून “हे आमचं नाही” करून परत देऊ नका, पालघर जिल्हा २०१४ चा आहे.

तिसरा धागा म्हणजे मुलांची लग्नं. थोरल्याच्या लग्नाच्या नोंदीत बाप हयात आणि धाकट्याच्या लग्नात दिवंगत लिहिलेला असेल, तर मधली तेवढीच वर्षं चाळायची. “प्लेगात गेले” यावर फार विसंबू नका. मुंबईत प्लेग १८९६ ला आला आणि नंतर बरीच वर्षं रेंगाळला, इन्फ्लुएंझा १९१८ चा, आणि घरोघरी दोन्ही साथींना प्लेगच म्हणतात. दोन्ही बघा.

वही हातात आल्यावर होणाऱ्या चुका वेगळ्या. जुन्या वह्यांची सूची पुष्कळदा आडनावानं नसते, पहिल्या नावानं असते, म्हणजे परेरा शोधत बसलात तर दिवस गेला, पास्कू परेरा असेल तर पास्कोआल या नावाखाली बघायचं. तेही एकाच वर्षात तीन निघतात, कारण आपल्याकडे नावं मोजकी आणि आडनावं त्याहून मोजकी, मग बापाचं नाव आणि आळी जुळवूनच खात्री होते. वयावर जाऊ नका, ते अंदाजे सांगितलेलं असतं, ६० लिहिलेला ५२ चाही असतो. आणि तारखेत महिन्याच्या जागी ७ च्या आकड्यापुढे लहान अक्षरं दिसली तर तो जुलै नाही, सप्टेंबर आहे, ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ नोव्हेंबर, १० डिसेंबर, जुन्या पोर्तुगीज-लॅटिन लिखाणाची ती पद्धत. एका ताईंनी आजेसासऱ्यांची नोंद स्वतः शोधली होती, फोटो घेऊन आल्या, तारीख वाचली जुलैची आणि फेरफारात सप्टेंबर, म्हणून “हे दुसरेच कोणीतरी” म्हणून सोडून दिली होती. तेच निघाले.

कबरीवर दगड नाही म्हणून इथं पुरलेच नाहीत असंही समजू नका. गावच्या सिमेटरीत जागा कमी, तोच खड्डा काही वर्षांनी पुन्हा वापरतात, अस्थी निशमध्ये, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यात, किंवा अस्थिविहिरीत जातात, कायमची कबर सगळ्यांना परवडत नव्हती आणि आजही नाही. बाप्तिस्म्याआधी गेलेलं तान्हं मूल मात्र चर्चच्या वहीत शोधून बहुधा मिळणार नाही, पूर्वी त्यांना आशीर्वादित जमिनीत पुरत नसत.

आता आमच्याबद्दल. येताना कृपा करून एका कागदावर लिहून आणा, कुठलं चर्च, कुठली वही, कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत, कोणी बघितलं. नुसतं “सगळं बघून झालं” म्हणालात की आम्हाला ते सगळं परत बघावं लागतं आणि त्याचे पैसे तुमचेच जातात. शोधाची फी नोंद नाही मिळाली तरी घेतो यावरून वाद होतात. माणूस तर बसलेला असतो ना दिवसभर, आणि “या चर्चमध्ये या वर्षांत नाही” असं लेखी रिपोर्टमध्ये देतो, ते तुमच्या भावाबहिणींना पुन्हा तीच वाट चालण्यापासून वाचवतं. वह्या चर्चच्या मालकीच्या आहेत, सरकारी ऑफिससारखा हक्क सांगता येत नाही, फादरांच्या परवानगीशिवाय आम्ही एका पानाचाही फोटो काढत नाही, मग तुम्ही कितीही व्हॉट्सअॅप करा. म्हणूनच आम्हाला परत आत घेतात. चर्चला देणगी द्यायची ती तुमची तुम्ही द्या, आमच्या बिलात नसते.

कोर्टाच्या किंवा वारसाच्या कामाला चर्चचा उतारा बऱ्याचदा पुरत नाही, तिथं महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा मृत्यू दाखला मागतात आणि नोंद नसेल तर अनुपलब्धता प्रमाणपत्र, म्हणजे दहा नंबरचा फॉर्म. दोन्हीचे अर्ज आमच्याकडे भरून मिळतात. आणि दर आठवड्याला कोणीतरी विचारतं म्हणून इथंच सांगतो, वसईच्या पूर्वजांवरून पोर्तुगीज पासपोर्ट मिळत नाही. ती सोय १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे असलेल्या गोवा-दमण-दीवच्या लोकांची आणि त्यांच्या मुला-नातवंडांची, आपली वसई चिमाजीअप्पांनी १७३९ लाच घेतली, त्या कामाचे पैसे कोणी मागत असेल तर देऊ नका.

नोव्हेंबरच्या दोन तारखेला मृतांच्या मिस्सेत नाव वाचायचं म्हणून ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात पळत येऊ नका, तेव्हा चर्च ऑफिसही बिझी आणि आम्हीही. गणपतीच्या आधी कागद आणून द्या, पहिली भेट आणि कागद बघणं फ्री आहे, आणि फेरफारावरच काम भागत असेल तर तसं तोंडावर सांगतो.