विश्लेषणात्मक श्रेणीबद्ध प्रक्रिया (एएचपी)

अनेक, बहुधा परस्परविरोधी निकषांवर पर्यायांचा अग्रक्रम ठरवण्याची गणिती पद्धत. मोसुल येथे जन्मलेले अमेरिकी गणितज्ञ टॉमस साटी (१९२६–२०१७) यांनी ती १९७० च्या दशकात विकसित केली.

उद्दिष्ट, निकष आणि पर्याय यांची उतरंड मांडल्यावर एका पातळीवरील घटकांची, वरच्या घटकाच्या संदर्भात, दोन-दोन घेऊन तुलना केली जाते. उत्तर १ ते ९ या श्रेणीत द्यायचे असते. १ म्हणजे दोन्ही सारखेच महत्त्वाचे, ९ म्हणजे पहिला कमालीचा वरचढ. उलट तुलनेला आपोआप व्यस्त संख्या (५ असेल तर १/५) मिळते.

घर घेणाऱ्याने पाण्याला किमतीच्या २ पट, किमतीला कामाच्या ठिकाणापासूनच्या अंतराच्या ३ पट महत्त्व दिले, तर पाणी अंतराच्या ६ पट ठरायला हवे. पण प्रत्यक्षात तो ५ म्हणतो. माणसाच्या निवाड्यात अशी तफावत राहणारच, हे साटी यांनी गृहीतच धरले आणि ती मोजण्याची सोय केली, हेच या पद्धतीचे खरे वैशिष्ट्य होय. तुलनांच्या आव्यूहातील (संख्यांच्या चौकोनी तक्त्यातील) सर्व संख्या धन असल्याने पेरॉन-फ्रोबेनियस सिद्धांतानुसार त्याला एक सर्वांत मोठे आयगेन मूल्य (आव्यूहाने गुणल्यावर एखादी संख्यांची यादी, म्हणजे सदिश, ज्या पटीने सरसकट बदलते ती संख्या) असते आणि त्याच्याशी निगडित सदिशातून निकषांचे भार मिळतात; वरील उदाहरणात ते अनुक्रमे सुमारे ०.५८, ०.३१ आणि ०.११ येतात. निवाडे पूर्ण सुसंगत असतील तर हे मूल्य घटकांच्या संख्येइतके, म्हणजे येथे ३, असते. विसंगती शिरली की वाढते. येथे ते ३.००४ आहे. या वाढीला घटकसंख्या उणे एकने भागून, येणाऱ्या भागाकाराला यादृच्छिक (संख्या कशाही भरलेल्या) आव्यूहांच्या तशाच भागाकारांच्या सरासरीने भागले जाते. हे गुणोत्तर ०.१० पर्यंत चालते. उदाहरणात ते जेमतेम ०.००३ आहे. मात्र त्याच व्यक्तीने अंतराला पाण्याच्या दुप्पट महत्त्व दिले असते, तर ते ०.६ च्या वर गेले असते आणि तुलना पुन्हा तपासाव्या लागल्या असत्या. ०.१० ही मर्यादा अनुभवाने ठरवलेली आहे, सिद्ध केलेली नव्हे.

साटी यांनी १९८६ मध्ये पद्धतीची स्वयंसिद्ध तत्त्वे मांडली, तोवर तिच्यावरील मुख्य आक्षेप पुढे आला होता. बेल्टन आणि गिअर या संशोधकांनी १९८३ मध्ये दाखवले, की यादीतल्याच एका पर्यायाची हुबेहूब नक्कल जोडली तर मूळ पर्यायांचा क्रम उलटू शकतो. प्रत्येक निकषाखालील भारांची बेरीज १ ठेवल्याने नवा पर्याय जुन्यांच्या वाट्यातूनच हिस्सा घेतो, हे त्याचे कारण. त्याऐवजी त्या निकषावरील सर्वोत्तम पर्यायाच्या भाराने भागले, तर नकलेमुळे होणारी उलथापालथ टळते. पण एखाद्या निकषावर सर्वांवर मात करणारा नवा पर्याय आला, तर क्रम तेव्हाही बदलू शकतो.