स्टोनहेंजची पहाट आणि पांढऱ्या झग्यातले ड्रुइड

दरवर्षी 21 जूनच्या सुमारास, दक्षिणायन सुरू होतं त्या पहाटे, इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यात स्टोनहेंजच्या शिळांमध्ये हजारो माणसं ईशान्येकडे तोंड करून उभी असतात. त्यांत पांढरे झगे घातलेले ड्रुइड, म्हणजे प्राचीन ब्रिटनमधल्या त्याच नावाच्या पुजाऱ्यांचा वारसा सांगणारे लोक, असतात. त्यांच्यातलं कोणीतरी एकेका दिशेला वळून विचारतं, ‘शांती आहे का?’ जमलेले सगळे ‘शांती आहे’ म्हणतात. मग हील स्टोन नावाच्या एकट्या शिळेच्या बाजूने सूर्य वर येतो. पाहणाऱ्याला वाटतं, हे पाच हजार वर्षं असंच चालत आलं असेल.

जागा खरंच तेवढी जुनी आहे. भोवतालचा गोल चर इ.स.पू. 3000 च्या सुमारास खणला गेला आणि सरासरी 25 टन वजनाच्या, सार्सन नावाच्या कठीण वालुकाश्माच्या शिळा त्यानंतर सुमारे पाचशे वर्षांनी उभ्या राहिल्या. रचनेचा अक्ष उन्हाळ्यातल्या त्या सूर्योदयाकडे आणि उलट बाजूला हिवाळ्यातल्या सूर्यास्ताकडे साधलेला आहे. तिथे सूर्यासाठी जमणं निराधार नाही, ते एवढ्यासाठी.

ड्रुइड मात्र फार नंतरचे. त्यांची माहिती मिळते ती इ.स.पू. पहिल्या शतकात रोमन सेनापती सीझरने लिहिलेल्या मजकुरातून आणि पुढे रोमन लेखक प्लिनीकडून. पांढऱ्या वस्त्रातला पुजारी ओकच्या झाडावर चढतो, सोन्याच्या विळ्याने मिसलटो हे बांडगूळ कापतो आणि खालचे लोक ते पांढऱ्या कापडात झेलतात, हे वर्णन प्लिनीचंच. ड्रुइडांचं पूजास्थान म्हणून रोमन लेखक देवराया सांगतात, शिळांची वर्तुळं नव्हे. इ.स. 60 च्या सुमारास रोमन सैन्याने वेल्सजवळच्या अँगलसी बेटावर चढाई करून अशा राया तोडल्या. ड्रुइडांनी स्वतः काहीच लिहून ठेवलं नाही, त्यामुळे त्यांचे मूळ विधी आपल्यापर्यंत पोहोचलेले नाहीत.

शिळा आणि ड्रुइड यांची गाठ घातली ती अभ्यासकांनी. सतराव्या शतकात जॉन ऑब्रीने ही वर्तुळं रोमनांच्या आधीची, म्हणून बहुधा ड्रुइडांची, असा तर्क केला. विल्यम स्टुकलीने 1740 मध्ये त्यावर मोठा ग्रंथच काढला. कालमापनाची साधनं नसताना केलेला तो तर्क होता. त्याबद्दल त्यांना हसावं असं मला वाटत नाही. स्टुकलीने जागेवर घेतलेली मापं आणि रेखाटनं आजही उपयोगी पडतात.

विधीला आकार दिला तो वेल्सच्या एका पाथरवटाने. एडवर्ड विल्यम्स हे त्याचं नाव, पण तो ओळखला जातो इओलो मॉर्गनग म्हणून. 1792 मध्ये लंडनच्या प्रिमरोझ हिलवर त्याने दगडांचं वर्तुळ मांडलं. मधल्या दगडावर नंगी तलवार ठेवली होती आणि जमलेल्यांनी मिळून ती म्यानात घातली. शांतीच्या पुकाराचं मूळ इथे आहे. आपल्याला हे जुन्या वेल्श परंपरेतून मिळालं असं इओलो सांगत असे, पण ती रचना बरीचशी त्याची स्वतःची होती. तरी तलवार म्यान करण्याची ती कृती मला अस्सल वाटते, कारण फ्रान्सशी युद्धाचे ढग जमत असताना ती केली गेली.

पुढे ड्रुइड-मंडळं वाढली. 1905 च्या ऑगस्टमध्ये स्टोनहेंजवर शेकडो सदस्यांचा दीक्षासोहळा झाला. तेव्हा ती जागा खाजगी मालकीची होती आणि आत जायला एक शिलिंग पडत असे. सेसिल चबने 1915 मध्ये ती लिलावात 6,600 पौंडांना घेतली आणि 1918 मध्ये देशाला देऊन टाकली. वर्षाचे आठ सण ही आजची मांडणी आणखी अलीकडची. रॉस निकल्स यांनी 1964 मध्ये नवं मंडळ स्थापन केलं आणि दोन अयनदिन (उत्तरायण व दक्षिणायन सुरू होण्याचे दिवस) आणि दिवस-रात्र समान असणारे दोन विषुवदिन या चारांना सॅविन, इम्बॉल्क, बेल्टेन आणि लूनसा हे चार जुने आयरिश सण जोडले.

1985 मध्ये मात्र दार बंद झालं. शिळांजवळ भरणाऱ्या मोफत उत्सवाला बंदी आली आणि 1 जूनला तिकडे निघालेल्या ताफ्यावर पोलिसांनी बळ वापरून 500 हून अधिक लोकांना अटक केली. पुढची कित्येक वर्षं अयनदिनाला तिथे नाकेबंदी असे. 1999 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने रस्त्याच्या कडेला शांतपणे जमणं हा गुन्हा होत नाही असा निर्णय दिला आणि 2000 पासून अयनदिनाच्या रात्री शिळांमध्ये पुन्हा मोफत प्रवेश मिळू लागला. आता ड्रुइडांच्या शेजारी कोणीही उभं राहू शकतं. शिळांवर मात्र चढायचं नाही.