पित्ताची गोळी आणि खुब्याचं हाड

सकाळी उपाशीपोटी घ्यायची ‘पित्ताची गोळी’ आपल्याकडे घरोघरी असते. अंगदुखीच्या औषधाबरोबर चार दिवसांसाठी लिहून दिलेली. दुखणं थांबतं, गोळी मात्र सुरूच राहते. या गोळीने हाडं मोडण्याचा धोका वाढतो का, हा प्रश्न उभा राहिला तो अशा लांबलेल्या वापरातून.

या गोळ्यांच्या गटातलं पहिलं औषध, ओमेप्राझोल, १९८८ मध्ये स्वीडनमध्ये बाजारात आलं. आधीची सिमेटिडीन, रॅनिटिडीन ही औषधं आम्ल तयार करण्याचा एक निरोप अडवत. हे औषध जठरातला आम्लाचा पंपच बंद पाडतं. अल्सरच्या रुग्णांना त्याने केवढा दिलासा दिला, हे विसरून चालणार नाही. २००३ पासून अमेरिकेत ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळू लागलं.

डिसेंबर २००६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या पन्नाशीपुढच्या रुग्णांच्या नोंदी तपासून निष्कर्ष मांडला: वर्षाहून अधिक काळ ही औषधं घेणाऱ्यांत खुब्याचं हाड मोडण्याची शक्यता ४४ टक्क्यांनी जास्त, मोठा डोस दीर्घकाळ घेणाऱ्यांत तर अडीचपटीहून जास्त. कारण काय असावं? कॅल्शियमच्या गोळ्यांमधलं कॅल्शियम कार्बोनेट विरघळायला आम्ल लागतं. आम्लच नसेल, तर कॅल्शियम अंगी लागणार कसं? तर्क पटण्याजोगा होता, पण तो तर्कच होता.

मे २०१० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने खुबा, मनगट आणि मणक्यांच्या फ्रॅक्चरचा इशारा दिला. २०११ मध्ये मात्र, कमी डोसच्या, थोड्या दिवसांसाठीच्या चिठ्ठीविना औषधांवर तो छापायची गरज नाही, असं स्पष्ट केलं. २०१२ मध्ये जवळपास ८० हजार अमेरिकी परिचारिकांच्या पाहणीत ही औषधं घेणाऱ्यांत खुबा मोडण्याचा धोका ३५ टक्क्यांनी अधिक दिसला, आणि तो धूम्रपान करणाऱ्या किंवा पूर्वी केलेल्या स्त्रियांत विशेष. इथे मला खरी मेख दिसते. ही औषधं घेणारी माणसं मुळातच जास्त आजारी असतात; मग हाड मोडतं ते गोळीमुळे की आजारपणामुळे? नोंदी चाळून हे सुटत नाही.

२०१९ मध्ये साडेसतरा हजार रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत विभागून पँटोप्राझोल किंवा औषधविरहित गोळी दिल्याच्या चाचणीचे निकाल आले. फ्रॅक्चरमध्ये लक्षणीय फरक नव्हता. पण ती चाचणी सरासरी तीन वर्षांची. दहा-पंधरा वर्षं रोज गोळी घेणाऱ्या सत्तरीतल्या आजीबद्दल तिच्यातून फारसं कळत नाही. अमेरिकेतल्या औषधपत्रकावर तो इशारा आजही आहे: डोस कमीत कमी, आणि गरजेपुरतेच दिवस.