मॉरिशसचा ऊस: गुलामीपासून गिरमिटापर्यंत

मॉरिशसवर मूळची वस्ती नव्हती. तिथे जे पिकले ते बाहेरून आणलेल्या माणसांनी पिकवले. डचांनी ऊसही आणला आणि मादागास्करचे गुलामही, पण १७१० मध्ये ते बेट सोडून गेले. पुढे फ्रेंचांनी कॉफी, कापूस, नीळ, लवंग असे बरेच काही लावून पाहिले. नोव्हेंबर ते एप्रिलमधली चक्रीवादळे कॉफी-लवंगेची झाडे उपटून टाकत आणि नवे झाड फळाला यायला काही वर्षे जात. ऊस आडवा पडला तरी बुडख्यातून पुन्हा फुटतो, शिवाय तोडणी वादळांच्या मोसमाआधी उरकता येते. त्यामुळे शेवटी तोच टिकला.

तोडलेला ऊस पडून राहिला की साखरेचा उतारा घटतो, हे ऊसपट्ट्यातल्या वाचकाला सांगायला नको. हंगामात घाणा आणि कढया रात्रंदिवस चालत. त्यासाठी माणसे खूप लागतात हे खरे. ती विकत घेऊन राबवायची, हा मात्र मळेवाल्यांचा निर्णय होता. १७९४ मध्ये पॅरिसने वसाहतींतली गुलामी रद्द केली, पण बेटावरच्या मळेवाल्यांनी तो हुकूम मानला नाही आणि अंमलबजावणीसाठी आलेल्या प्रतिनिधींना १७९६ मध्ये परत पाठवले.

१८१० मध्ये बेट ब्रिटिशांकडे गेले. गुलामांचा व्यापार कायद्याने बंद झालेला असूनही मोझांबिक आणि मादागास्करहून माणसे चोरून उतरवली जात राहिली. १८२५ मध्ये इथल्या साखरेवरचा ब्रिटनमधला जास्तीचा कर उठला आणि बहुतेक सगळी लागवडीची जमीन उसाखाली जाऊ लागली.

खरा वाद १८३५ चा आहे. १ फेब्रुवारीला गुलामी संपली आणि लंडनने वीस लाख पौंडांहून अधिक भरपाई दिली. ती मिळाली मालकांना. ज्यांचे अख्खे आयुष्य राबण्यात गेले त्यांच्या हाती एक पैही पडली नाही, उलट ‘उमेदवारी’च्या नावाखाली त्याच मालकांकडे आणखी सहा वर्षे बिनपगारी काम त्यांच्यावर लादले गेले. ही मुदत १८३९ मध्ये आधीच आटोपती घ्यावी लागली आणि सुटका होताच बहुतेकांनी मळे सोडले. भरपाईला ‘मुक्तीची किंमत’ म्हणणारे अजून भेटतात. किंमत चुकती झाली ती मालमत्तेची, आणि त्याच भांडवलाच्या जोरावर मळेवाल्यांना नवे मजूर आणता आले.

ते मजूर म्हणजे गिरमिटिये, ठरावीक वर्षांच्या करारावर (गिरमिटावर) नेलेले. १८३४ पासून कलकत्त्याहून, मग मद्रास आणि मुंबईहूनही जहाजे सुटू लागली. छळाच्या तक्रारींमुळे १८३८ मध्ये घातलेली बंदी पाच वर्षांच्या आत उठली. १९१० पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसे गेली. मुंबईहून गेलेले संख्येने सर्वांत कमी. बेटावरच्या आजच्या मराठी कुटुंबांचे पूर्वज त्यांतलेच, बरेचसे कोकणातले.

करार चालू असताना एक दिवस खाडा केला की दोन दिवसांची मजुरी कापत. एक दिवस खाडा केला की दोन दिवसांची मजुरी कापत. १८६७ च्या कायद्याने करारमुक्त मजुरालाही स्वतःचा फोटो लावलेला परवाना जवळ बाळगणे सक्तीचे केले. तो नसेल तर पोलीस भटक्या म्हणून पकडत. तक्रारी वाढल्यावर १८७२ मध्ये लंडनने चौकशी आयोग पाठवला. १८७८ मध्ये नवा मजूर कायदा आला, पण दुहेरी कपात त्यानंतरही चालू राहिली.