वाय-फाय गेले की इंटरनेट गेले?

‘वाय-फाय गेलं’ हे वाक्य मराठी घरांत आता ‘लाइट गेली’ याच्या बरोबरीने ऐकू येते. फरक एवढाच, की लाइट गेली म्हणणाऱ्याला नेमके काय गेले ते ठाऊक असते आणि वाय-फाय गेले म्हणणाऱ्याला बहुधा नसते. पुष्कळदा वाय-फाय जागच्या जागी असते आणि गेलेले असते ते इंटरनेट. कधी याच्या उलटही घडते, आणि तेव्हा घोळ जास्त होतो. कंपनीचा माणूस येतो, राउटरला लॅपटॉप जोडून वेग मोजतो, लाइन ठीक असल्याचे सांगून निघून जातो, आणि आतल्या खोलीतल्या मोबाइलवर गोल चक्र फिरतच राहते.

मोबाइल किंवा लॅपटॉपपासून राउटरपर्यंतचा हवेतला टप्पा म्हणजे वाय-फाय. राउटरपासून पुढे, भिंतीतून बाहेर पडणाऱ्या फायबरने किंवा तारेने, सेवा देणाऱ्या कंपनीपर्यंत आणि तिथून जगभर जाणारा रस्ता म्हणजे इंटरनेट. वाय-फायच्या मुळाशी असलेले ८०२.११ हे मानक १९९७ साली आले आणि वाय-फाय हे बाजारातले नाव त्याला १९९९ मध्ये मिळाले. हे मानक जवळच्या यंत्रांनी एकमेकांशी रेडिओलहरींवरून कसे बोलावे एवढेच ठरवते. त्या बोलण्यात इंटरनेट असलेच पाहिजे असे नाही. म्हणूनच रस्त्यावरचा फायबर तुटलेला असतानाही घरातला वाय-फाय प्रिंटर मुकाट्याने पाने छापून देतो. प्रिंटर छापत असेल आणि बातम्यांचे पान उघडत नसेल, तर वाय-फाय ठीक आहे आणि बिघाड पलीकडे आहे, हे कोणतेही उपकरण न उघडता कळते.

मोबाइलच्या वरच्या कोपऱ्यातल्या पंख्याच्या आकाराच्या रेघा याच कारणाने फसव्या ठरतात. त्या फक्त राउटरचा आवाज किती स्पष्ट ऐकू येतो एवढे सांगतात, राउटरला पुढे कोणी दाद देत आहे की नाही ते त्यांना माहीत नसते. ते तपासण्याची सोय वेगळी आहे. विंडोज संगणक नेटवर्कला जोडला गेला की मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरची एक छोटीशी फाइल मागवून पाहतो. तिच्यात ‘मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट’ या तीन इंग्रजी शब्दांपलीकडे काही नसते, पण ती जशीच्या तशी हाती आली की इंटरनेट आहे असे विंडोज मानते. अँड्रॉइड फोनही अशीच एक चाचणी करतो आणि ती फसली की वाय-फायच्या चिन्हाशेजारी उद्गारचिन्ह काढतो. म्हणजे रेघा भरलेल्या आणि शेजारी उद्गारचिन्ह असेल, तर घरातला टप्पा शाबूत असून बाहेरचा तुटला आहे, असे बहुतेक वेळा समजावे. ‘बहुतेक वेळा’ म्हणायचे कारण असे, की कार्यालयाच्या नेटवर्कशी खासगी मार्गाने जोडणारे व्हीपीएन चालू असताना ही चाचणी कधीकधी अडते आणि सगळे सुरळीत चालू असूनही संगणक ‘इंटरनेट नाही’ असे सांगत बसतो.

यानंतर पाहायचे ते राउटरवरचे दिवे. फायबरच्या जोडणीत कंपनी जी डबी बसवते तिच्यावर साधारणपणे पॉवर, पॉन, लॉस, इंटरनेट आणि वाय-फाय असे दिवे असतात. यातला लॉस हा दिवा नेहमी विझलेला असावा लागतो. तो लाल लागला, तर फायबरमधून येणारा प्रकाश डबीपर्यंत पोहोचत नाही. गच्चीवरून आलेली तार उंदराने कुरतडलेली असते, रंगकामवाल्याच्या शिडीखाली दबलेली असते, किंवा घरातच कपाट सरकवताना तिला काटकोनात मोड पडलेला असतो. तांब्याची तार वाकली तरी वीज वाहते, पण फायबर फार वाकवला की प्रकाश कडेने बाहेर निसटतो, म्हणून भिंतीच्या कोपऱ्यात तो खिळ्याने आवळून बसवणे हा अडाणीपणा आहे. लॉसचा दिवा लाल असताना वाय-फायचा पासवर्ड बदलणे, मोबाइल बंद-चालू करणे किंवा राउटर उंच ठेवणे, सगळे व्यर्थ. आणि फायबरचे टोक काढून त्यात डोळा लावून ‘प्रकाश येतो का’ हेही पाहू नये. तो प्रकाश अवरक्त असतो, म्हणजे डोळ्यांना दिसतच नाही, आणि लेझरपुढे डोळा धरणे केव्हाही वाईटच.

लॉस विझलेला असून पॉन लुकलुकत राहिला, तर प्रकाश येतो आहे पण कंपनीच्या टोकाच्या यंत्राने आपल्या डबीची नोंद घेतलेली नाही. पॉन स्थिर आहे आणि इंटरनेटचा दिवा तेवढा लागत नाही, असे असेल तर बिघाड बहुधा नाव-पासवर्डाच्या लॉगिनमध्ये असतो, किंवा (आणि हे कबूल करायला कोणालाच आवडत नाही) महिन्याचे पैसे भरायचे राहिलेले असतात. या तिन्ही प्रसंगी घरातले वाय-फाय पूर्ण शाबूत असते.

उलट वाय-फायच्याच बाजूला दोष असल्याच्या खुणा निराळ्या आहेत. घरातले एकच उपकरण अडते आणि बाकीची चालतात, किंवा राउटरच्या खोलीत सगळे ठीक असते आणि दोन भिंतींपलीकडे काहीच उघडत नाही, किंवा नेटवर्कचे नावच यादीतून गायब होऊन मिनिटाभराने परत येते. या शेवटच्या खुणेकडे नीट लक्ष द्यावे. नाव गायब होणे म्हणजे बहुधा राउटर स्वतःच बंद पडून पुन्हा उठतो आहे, आणि त्याचे कारण पुष्कळदा राउटर नसून त्याचा अडॅप्टर असतो. वर्षानुवर्षे तापलेला अडॅप्टर बारा व्होल्ट लिहिलेला असूनही भार वाढला की तेवढे व्होल्ट टिकवू शकत नाही, आणि सगळे घर एकदम व्हिडिओ पाहू लागले की राउटर कोसळतो. बदली अडॅप्टर घेताना व्होल्ट अगदी तेच आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त, असे पाहून घ्यावे. पिन बसली म्हणून नऊ व्होल्टच्या राउटरला बारा व्होल्टचा अडॅप्टर लावण्याचे धाडस करू नये.

भिंतींचे गणित सोपे आहे. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ अशा दोन पट्ट्यांवर बोलतो. २.४ची लहर भिंतीतून बऱ्यापैकी पार होते, पण तिथे शेजाऱ्यांची दाटी असते आणि एकमेकांवर न चढणारे मार्ग १, ६ आणि ११ असे तीनच मिळतात. शिवाय मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्‌झच्या आसपासच चालतो, त्यामुळे स्वयंपाकघरात दूध गरम होत असेपर्यंत तेवढ्यापुरता व्हिडिओ अडखळणे यात भुताटकी काही नाही. ५ची लहर मोकळी आणि वेगवान, पण जुन्या वाड्याच्या दगडी भिंतीपुढे किंवा लोखंडी कपाटापुढे ती हात टेकते. राउटर दूरदर्शन संचामागे दडवून ठेवायचा आणि मग कंपनीला दोष द्यायचा, ही आपल्याकडची आवडती पद्धत आहे.

दिव्यांनी उत्तर दिले नाही, तर संगणकावर दोन मिनिटांचे काम आहे. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा द्यावी. पत्ता १९२.१६८ने सुरू होत असेल, तर राउटरने संगणकाला घरचा क्रमांक दिला आहे. तो १६९.२५४ने सुरू होत असेल, तर राउटरकडून क्रमांक मिळालाच नाही आणि संगणकाने वाट पाहून स्वतःच एक ठरवून घेतला आहे, म्हणजे दोष घरातल्या टप्प्यातच आहे, इंटरनेटपर्यंत विषय गेलेलाच नाही. पत्ता ठीक असेल, तर त्याच पडद्यावर ‘डिफॉल्ट गेटवे’ म्हणून दिसणाऱ्या क्रमांकाला, जो राउटरचा स्वतःचा असतो, पिंग करावे, म्हणजे ‘पिंग’ आणि पुढे तो क्रमांक लिहून उत्तर येते का व किती वेळात येते ते पाहावे. तारेने जोडलेल्या संगणकाला उत्तर एका मिलिसेकंदाच्या आत-बाहेर येते आणि चांगल्या वाय-फायवर दोन ते पाच मिलिसेकंदांत. ते एकदा ३, एकदा २८०, मग ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’, मग पुन्हा ४ असे हेलकावे खात असेल, तर बाहेरची लाइन कितीही उत्तम असो, ऑनलाइन बैठकीत आपला आवाज तुटणारच. आवाज तुटला की लोक कंपनीला फोन लावतात, पण दहा फुटांवरच्या राउटरला पिंग करून पाहणारा क्वचितच भेटतो.

राउटर नीट उत्तर देत असेल, तर पुढचे पिंग ८.८.८.८ला करावे. हा संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा क्रमांक सांगणारा गूगलचा सार्वजनिक सर्व्हर आहे. तिथून उत्तर आले नाही, तर लाइन बाहेर तुटली आहे. उत्तर आले पण संकेतस्थळे नावाने उघडत नाहीत, तर रस्ता चालू आहे आणि पत्ता सांगणारा तेवढा जागेवर नाही. याला डीएनएसचा दोष म्हणतात. राउटरच्या सेटिंगमध्ये कंपनीच्या डीएनएसऐवजी ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ लिहिला की ही अडचण बहुधा जागीच मिटते.

वेगाच्या तक्रारीत हा भेद आणखी नाजूक होतो, आणि तिथे मीही फसलो आहे. घरी २०० एमबीपीएसची जोडणी होती. वाय-फायवर विश्वास नको म्हणून टेबलावरचा संगणक मुद्दाम तारेने जोडला, तर वेग कायम ९४ भरायचा, ना ९० ना ९८. तपासायला आलेल्या गृहस्थांनी ‘प्लॅन वाढवा’ असा सल्ला दिला. राउटरजवळ उभे राहून मोबाइलवर मोजले तेव्हा १८० दिसले आणि मग डोक्यात प्रकाश पडला, कारण तारेपेक्षा वाय-फाय वेगवान निघणे हे अगदीच उलटे होते. संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जोडणीचा वेग १००० ऐवजी १०० दिसत होता, आणि १००च्या जोडणीतून प्रत्यक्ष हाती ९४-९५च पडतात. तारेचे टोक भिंगाखाली धरले तर पारदर्शक प्लगमध्ये सहा तांबड्या टोकांची चमक एका रेषेत होती आणि तपकिरी जोडीची दोन टोके मिलिमीटरभर मागे राहिलेली होती. १००चा वेग चार तारांवर भागतो, १०००ला आठही लागतात. नवा प्लग क्रिंप केला आणि वेग पूर्ण झाला. ना वाय-फायचा दोष, ना इंटरनेटचा. काही रुपयांच्या प्लगचा.

भारनियमनाच्या गावांत एक प्रश्न हमखास विचारला जातो, की राउटर इन्व्हर्टरवर आहे, वाय-फाय दिसते, मग नेट का जाते? उत्तर आपल्या घराबाहेरची रचना कोणत्या प्रकारची आहे यावर अवलंबून असते. जुन्या पद्धतीत इमारतीच्या गच्चीवर एक नेटवर्क स्विच, म्हणजे एक लाइन अनेक तारांत वाटणारे यंत्र, असतो आणि तिथून घरोघरी निळ्या किंवा करड्या तारा उतरतात. त्या स्विचला वीज लागते, म्हणून इमारतीची वीज गेली की तो झोपतो आणि इन्व्हर्टरवरचा आपला राउटर कोणाशीही न बोलता वाय-फायचे नाव झळकवत बसतो. घरापर्यंत फायबर आला असेल, तर वाटेतला स्प्लिटर म्हणजे नुसता काचेचा फाटा असतो. त्याला वीज लागत नाही, म्हणून कंपनीच्या टोकाला बॅटरी असेल तर गल्ली अंधारात असतानाही नेट चालू राहते. नवी जोडणी घेताना वेगाची चौकशी सगळे करतात, पण ही चौकशी त्याहून कामाची आहे.

एक प्रसंग असाही येतो, की दोन्ही टप्पे ठीक असतात आणि तरी संकेतस्थळे उघडत नाहीत. जुना डेस्कटॉप रात्रभर प्लग काढून ठेवला होता, सकाळी लावला, पिंगला उत्तर येते, पण प्रत्येक पान ‘जोडणी सुरक्षित नाही’ म्हणून नाकारते आणि त्याच वाय-फायवरचा मोबाइल मजेत चालतो. अशा वेळी उजव्या कोपऱ्यातली तारीख पाहावी. ती काही वर्षे मागे गेलेली असेल, तर मदरबोर्डवरची सीआर २०३२ ही बटणाएवढी तीन व्होल्टची बॅटरी संपली आहे. घड्याळ मागे गेले की संकेतस्थळांची प्रमाणपत्रे संगणकाला अजून लागू न झालेली वाटतात. तारीख दुरुस्त केली की पाने उघडतात, आणि बॅटरी बदलेपर्यंत प्लग काढला की पुन्हा अडतात.

शेवटी राउटरच्या पाठीवरच्या त्या बारीक छिद्राविषयी. बटण दाबून बंद-चालू करणे म्हणजे रीस्टार्ट, आणि त्याने काहीही पुसले जात नाही. टाचणी खुपसून दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवणे म्हणजे रीसेट, आणि त्याने वाय-फायच्या नावाबरोबर कंपनीच्या लॉगिनचे नाव-पासवर्डही पुसले जाऊ शकतात. म्हणजे तोवर फक्त वाय-फाय अडले असेल, तर आता इंटरनेटही आपल्याच हाताने गेले. ज्याच्याकडे ते नाव-पासवर्ड वहीत लिहिलेले नाहीत, त्याने टाचणी शिवणकामाच्या डब्यातच राहू द्यावी आणि फोन लावावा. फोनवरही ‘वाय-फाय चालत नाही’ असे न म्हणता ‘सकाळपासून लॉसचा दिवा लाल आहे’ किंवा ‘राउटरला पिंग जाते, ८.८.८.८ला जात नाही’ असे सांगितले, तर पलीकडचा माणूस राउटर बंद-चालू करायला लावण्याऐवजी बहुधा लाइनमन केव्हा पाठवू तेच विचारतो.