चीन-अध्ययन

चीनची भाषा, समाज आणि इतिहास यांचा मूळ चिनी साधनांच्या आधारे अभ्यास करणारी विद्यापीठीय ज्ञानशाखा. भारतात १९३७ साली शांतिनिकेतनात चीनभवन उभे राहिले. पुढे दिल्ली विद्यापीठ आणि जवाहरलाल नेहरू विद्यापीठ ही तिची प्रमुख केंद्रे झाली.

आरंभीचे महिने उच्चारांना द्यावे लागतात. १९५८ पासून रूढ असलेल्या पिनयिन या रोमन लेखनपद्धतीत मराठी विद्यार्थी हमखास फसतो. इंग्रजीच्या सवयीने ‘बी’, ‘डी’, ‘जी’ ही अक्षरे तो ब, द, ग अशी वाचतो. खरे उच्चार प, त, क यांच्या जवळचे आहेत. ‘पी’, ‘टी’, ‘के’ म्हणजे (ओठ मिटून म्हटलेला) फ, थ, ख. ‘झेड’ हा झ नसून ‘चाक’मधला च आहे. अल्पप्राण-महाप्राण भेद मराठी कानाला उपजत कळतो, आड येते ती रोमन लिपी. म्हणून सुरुवातीची टिपणे देवनागरीत, वर सुराची (अर्थ बदलणाऱ्या आवाजाच्या चढउताराची) खूण देऊन केलेली बरी. चार सूर सुटे घोकणे पुरत नाही, ते जोडशब्दांत म्हणावेत: तिसऱ्या सुराचे दोन उच्चार लागोपाठ आले की पहिला दुसऱ्या सुरात जातो.

लिपी लांबणीवर टाकणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. २०१३ च्या अधिकृत यादीत ८,१०५ चिन्हे आहेत. त्यांतली पहिल्या स्तरावरची ३,५०० नित्य वापरातली. बहुतेक चिन्हांत एक भाग अर्थ सुचवतो, दुसरा उच्चार. हे भाग ओळखून, रेघांचा क्रम पाळून हाताने लिहिले तरच ती टिकतात.

इतिहासासाठी १९५६ च्या सुलभीकरणाआधीची चिन्हे आणि अभिजात चिनी वेगळी शिकावी लागते. जुन्या ग्रंथांत विरामचिन्हे नसतात. कालगणनेतही घोटाळा होतो. कांग्शी या सम्राटाच्या शकाचे पहिले वर्ष १६६२ मध्ये सुरू होते, पण चांद्रवर्ष असल्याने त्याचा बारावा महिना १६६३ मध्ये जातो.

समाजाच्या अभ्यासात आकड्यामागची व्याख्या आधी पाहावी. २०२० च्या जनगणनेत ६३.८९ टक्के लोक शहरांत राहत होते, मात्र शहरी ‘हुकोउ’ (कुटुंबनोंदणी) असलेले सुमारे ४५ टक्केच. मधले लोक मुख्यतः स्थलांतरित कामगार. शाळा व इतर सरकारी सोयी या नोंदणीशी जोडलेल्या असल्याने हा फरक त्यांच्या रोजच्या जगण्याचा आहे.

महाराष्ट्रात पु. वि. बापट आणि वा. वि. गोखले यांनी बौद्ध ग्रंथांच्या अभ्यासात चिनी अनुवादांचा आधार घेतला. आधुनिक चीनचे राजकारण शिकवणारे गो. पु. देशपांडे मराठी वाचकाला नाटककार म्हणून अधिक परिचित आहेत.