पाहिलेलं वावरात का आठवत नाही?

ऑनलाइन कोर्स काढायचा ठरला की पहिला खर्च कॅमेरा आणि लाइटवर होतो. व्हिडिओ चकाचक असला तरच लोक शिकतात, असा सार्वत्रिक समज आहे. बघायचं म्हटलं तर लोक बघतातच. यवतमाळ किंवा वाशीमच्या एखाद्या खेड्यात जूनमध्ये गुलाबी बोंडअळीचा बारा मिनिटांचा धडा शेवटपर्यंत पाहणारे पुष्कळ निघतील. पण ऑगस्टमध्ये पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, डोमकळी लागते, म्हणजे अळीने पाकळ्या धाग्यांनी आतून बांधल्यामुळे न उमललेलं, गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं फूल दिसू लागतं. धडा पाहिलेला माणूस तेव्हा त्याच्या शेजारून निघून जातो.

हा दोष त्याचा नाही, धड्याचा आहे.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे, काही वेळ जाऊ द्यायचा, मग तेच पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात ते मोजायचं. वीस मिनिटांनी 58 टक्के श्रम वाचले, एका दिवसाने साधारण 34 आणि महिन्याने 21 टक्के. अर्थ असलेली गोष्ट इतक्या झपाट्याने विसरत नाही, पण उतार तसाच असतो: सुरुवातीला कडा, पुढे सपाट.

हा उतार अडवायचा कसा? धडा पुन्हा दाखवून, हे सगळ्यांना सुचणारं उत्तर. ते बरंचसं चुकीचं आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचून, तो बाजूला ठेवून, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी तपासलं तर दोनदा वाचणारे पुढे होते, 81 विरुद्ध 75 टक्के. आठवड्याने मात्र दोनदा वाचणाऱ्यांना 42 टक्के आठवलं आणि लिहून काढणाऱ्यांना 56. कोर्सच्या शेवटी लगेच घेतलेली चाचणी आपल्याला नेमकी फसवते, ती अशी.

असं का होतं? इथे जरा खोलात जायला हवं. स्मृतीच्या दोन ताकदी मानल्या जातात. एक, गोष्ट किती पक्की रुजली आहे. दुसरी, ती या क्षणी किती सहज हाती लागते. नुकताच धडा पाहिला की दुसरी ताकद वर असते, सगळं सोपं वाटतं आणि त्या सोपेपणालाच आपण 'समजलं' म्हणतो. पण पहिली ताकद वाढते ती दुसरी उतरलेली असताना, म्हणजे आठवायला थोडं झगडावं लागतं तेव्हा. म्हणून लगेच केलेल्या उजळणीचा लाभ कमी आणि थोडं विसरल्यावर विचारलेल्या प्रश्नाचा जास्त. फार उशीर केला तर मात्र आठवण्यासारखं काही उरतच नाही. 2008 मध्ये सेपेडा आणि सहकाऱ्यांनी हे अंतर मोजलं. गोष्ट आठवडाभर टिकवायची तर उजळणी त्या मुदतीच्या 20 ते 40 टक्क्यांवर, वर्षभर टिकवायची तर 5 ते 10 टक्क्यांवर. आपल्याला जूनचं ऑगस्टपर्यंत, म्हणजे साठेक दिवस न्यायचं आहे. ही मुदत दोन्हींच्या मधली, तेव्हा धड्यानंतर आठ-दहा दिवसांनी पहिला प्रश्न टाकावा.

(दरम्यान गावोगावी 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'च्या, म्हणजे मुलांचा मेंदू जागा करून देतो म्हणणाऱ्या वर्गांच्या, जाहिराती लागतात. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचणारी पोरं म्हणजे नाकाजवळच्या फटीतून बघणारी पोरं. त्यात मेंदूचं काही जागं होत नाही. 'तुम्ही बघून शिकणारे की ऐकून शिकणारे' हे वर्गीकरण जास्त प्रतिष्ठित, पण त्यानुसार शिकवल्याने फायदा होतो याचा भक्कम पुरावा 2008 च्या मोठ्या आढाव्यालाही सापडला नाही.)

प्रश्न कसा असावा? 'डोमकळी म्हणजे काय?' हा वाईट प्रश्न. वावरात कोणी व्याख्या विचारत नाही. 'कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस 9, 8 आणि 10 पतंग सापडले. आता काय कराल?' हा चांगला. (कामगंध सापळा म्हणजे मादीच्या वासाने बोंडअळीचे नर पतंग ओढून पकडणारा सापळा.) सापळ्यामागे सरासरी 8 पतंग सलग तीन दिवस, हीच आर्थिक नुकसानीची पातळी आहे, म्हणजे इथे उपाय करावाच लागतो, आणि तो आकडा वापरल्याशिवाय उत्तर देता येत नाही. चुकीचे पर्याय माणसं खरोखर करतात त्या चुकांमधून घ्यावेत: 'अजून आठवडा वाट पाहीन', 'दोन औषधं मिसळून मारीन'. आणि बरोबर उत्तर कारणासह त्याच दिवशी कळवावं. नाहीतर वाचलेला चुकीचा पर्यायच डोक्यात बसतो. हा बहुपर्यायी प्रश्नांचा सिद्ध झालेला तोटा आहे.

आता मोबाइल टॉवरचा हिशेब. रोज दीड जीबी डेटा मिळतो हे खरं, पण वेग मिळत नाही. 500 केबीपीएसचा (सेकंदाला 500 किलोबिट; आठ बिटांचा एक बाइट) दहा मिनिटांचा व्हिडिओ 37.5 एमबी भरतो. मेळघाटात किंवा गडचिरोलीतल्या एटापल्लीकडे 100 केबीपीएस वेग मिळाला तर तो उतरायला 50 मिनिटं लागतील. तेच बोलणं 24 केबीपीएसच्या ऑडिओत 1.8 एमबी होतं आणि अडीच मिनिटांत उतरतं. म्हणून समजावणं ऑडिओत, सोबत डोमकळीचे दोन-तीन स्पष्ट फोटो. व्हिडिओ फक्त हालचाल दाखवायची असेल तिथे, जसं सापळ्यात ल्यूर, म्हणजे वासाची गोळी, बसवणं.

प्रश्न एसएमएसने पाठवला तर साध्या फोनवरही पोचतो. पण देवनागरी एसएमएस 70 वर्णांत संपतो, रोमनसारखा 160 मध्ये नाही. शिवाय काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त प्रत्येकी एक जागा खातात. 'डोमकळी' चार अक्षरांची दिसते, पण सहा जागा घेते. 'डोमकळी दिसली. आधी काय? 1 फवारणी 2 तोडून नष्ट 3 पाणी' हा प्रश्न 51 जागांत बसतो. 70 ओलांडले की संदेशाचे तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यात 67 च वर्ण मावतात, आणि पैसे दुप्पट. पाठवायची वेळ रात्री आठची ठेवावी. निंदणाच्या दिवसांत दुपारी पाठवलेला प्रश्न कोणी उघडत नाही, आणि उघडला तरी हात मातीचे असतात.